वाघ मारणारी तुतारी

ज्या वर्षांत आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांत मी तरुण होतो, धुरकरी होतो, म्हणजे बैलांची बंडी हाकायचो, आणि थापा मारण्यात अकोल्यापासून अमरावतीपर्यंत माझा हात धरणारा कोणी नव्हता. सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या काळ्या रानाकडे तोंड वासून बसल्या, असं व्यापारी सांगत. मी पाहिलं ते एवढंच की रस्त्याच्या बाभळींना बंड्यांमधून उडालेली रुई इतकी लटकायची की परमुलखाचा माणूस थांबून विचारी, हे झाड कोणतं? मी सांगे, ही कापसाची बाभूळ, आमच्याकडेच होते. एकजण तिचं बी मागून घेऊन गेला. आमच्या पाटलाने बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा चढवल्या, हे खरं आहे. त्या धावांच्या लखलखाटाने वाटेवरच्या गावांतले कोंबडे भर दुपारी आरवायला लागले, हे माझं.

खरं कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. या लिखाणात सांगावं लागणार आहे. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

बंड्यांच्या रांगेत माझ्यापुढे नेहमी एकच बंडी असे, माझ्या जोडीदाराची. आमची घरं शेजारी, शेतांचा बांध एक. गाव अकोल्यापासून इतकं जवळ की बैल सकाळी जुंपावे आणि उन्हं चढायच्या आत बाजारात उभं राहावं. देहाने म्हणाल तर तो खांबासारखा. पण मनाने इतका भित्रा की कोंबडी अंगावर आली तर कुंपणावर चढेल. त्याच्या हातात तुतारी असे. तुतारी म्हणजे बैल हाकायची लांब काठी. तिच्या टोकाला लोखंडी खिळा ठोकतात, त्याला आर म्हणतात. आर टोचली की बैल चालतो. माझ्या जोडीदाराने आपल्या तुतारीची आर स्वतःच्या हाताने उपटून फेकून दिली होती.

"कावून बे?" मी विचारलं.

"त्याले टोचलं का मलेच लागल्यावानी होते," तो म्हणाला.

"मंग बैल चालतीन कसे?"

"तिनं घुंगरू देल्ले ना."

ती म्हणजे त्याची बायको. तिने आपल्या पैंजणाचे पाच घुंगरू सोडून त्या काठीच्या टोकाला बांधले होते. डोक्यावर काठी उचलून त्याने छन् केलं की त्याचा ढवळा आणि करडा निघाले. दुसऱ्या कोणाच्या टोचण्याला, शिवीला, शेपटी पिळण्याला ते बैल दाद देत नसत. आमच्या रांगेतले धुरकरी त्याला हसायचे. "बैल हाकते का नाचनारीन आनली बे!" असं ओरडायचे. तोही हसायचा.

आता वाघ. एका दुपारी नाल्याकाठी बैल सोडून आम्ही भाकरी खात होतो. झुडपातून एक रानमांजर निघालं. आमचा खांब भाकरी टाकून कापसाच्या बंडीवर चढला आणि डोळे गच्च मिटून तुतारी छनछन हलवत बसला. मांजर घाबरून पळालं. हा मात्र बैल जुंपून झाले तरी खाली उतरेना. एवढंच झालं होतं. पण एवढंच सांगायला मला तोंड देवाने कशाला दिलं असतं? त्या आठवड्यात बाजारात मी सांगितलं, बिबट्या होता. पुढल्या आठवड्यात पट्टेदार वाघ झाला. अचलपूरच्या बाजारी पोचेपर्यंत त्याची लांबी दोन बंड्यांएवढी झाली होती, आणि माझ्या जोडीदाराने एका तुतारीने त्याला उभा भोसकून दातांसकट कापसात गुंडाळून आणला होता.

"अबे, मांजर होती ना ते," तो बिचारा लाजून मधेच म्हणायचा.

"तू चूप राय. तुले काय माईत? तुहे तर डोये मिटले होते."

लोक हसून लोळायचे. अकोल्याच्या बाजारच्या चौकीवर एक हिंदुस्थानी हवालदार होता, त्याला तर ही गोष्ट फार आवडायची. आमची रांग दिसली की तो मिशा पुसत यायचा. "आओ वाघवाले, सुनाओ. आज कितना लंबा हुआ?" मी हात पसरून दाखवायचो. दर खेपेस हात पुरायचे नाहीत. माझा जोडीदार मागे बैलांना पाणी दाखवत उभा असायचा, कान लाल करून.

ती सकाळ मला जशीच्या तशी आठवते. अकोल्याच्या अलीकडे नाल्यावर एक मोरी आहे, छोटासा दगडी पूल, तिथे रस्ता अरुंद होतो. आमची बंड्यांची रांग अर्धा कोस लागलेली. दुसरीकडे सांगताना मी बारा कोस म्हणतो. होती अर्धा कोस. ऐन मोरीवर ढवळ्याने बसकण मारली. बसला म्हणजे बसला. मागच्या सगळ्या बंड्या अडकल्या.

समोरून पोलिसांचा साहेब घोड्यावरून आला. गोरा, वयाने आमच्याएवढाच असेल. मुलखात नवा होता, उन्हाने त्याचं तोंड भाजून लाल झालं होतं. त्याच्याबरोबर कोणी नव्हतं. त्याच्यापुढे कापसाचा डोंगर आणि त्यापुढे बसलेला बैल. तो त्याच्या भाषेत काहीतरी ओरडला. मग ओरडला, "हटाव!" तेवढं आम्हाला कळलं.

"हटवतो सायेब, हटवतो," माझा जोडीदार म्हणाला. तो बंडीवरून खाली उडी मारून बैलाच्या अंगाला गेला, तुतारी डोक्यावर उचलली आणि जोराने हलवली. छन्.

साहेबाचा घोडा बिचकला आणि मागच्या पायांवर उभा राहिला. साहेबाने एका हाताने लगाम ओढला, दुसरा हात कमरेला गेला. तमंच्याचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. मोठा नसतो तो. लाकूड तडकल्यासारखा.

माझा जोडीदार चाकाला पाठ लावून खाली बसला. मी धावलो. त्याने मला विचारलं, "उठला का?"

मी पाहिलं. ढवळा उठून उभा होता. घुंगरू ऐकून तो केव्हाच उठला होता.

"उठला," मी म्हणालो.

"हं," तो म्हणाला. त्यानंतर तो बोलला नाही.

साहेबाने घोडा आवरला. थोडा वेळ आमच्याकडे पाहिलं. तो पांढरा पडला होता, हेही मी सांगतो, कारण मी ते पाहिलं. मग उठलेल्या बैलाच्या कडेने घोडा काढून निघून गेला. चौकीवरून तोच वाघवाला हवालदार दोन शिपाई घेऊन आला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. दोन धुरकऱ्यांकडून कागदावर नांगराची निशाणी काढून घेतली. आमच्यात लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगर काढतो. कागदावर काय लिहिलंय ते त्या दोघांना कोणी वाचून दाखवलं नाही. "रस्ता खाली करो, घर ले जाओ," तो म्हणाला.

घरी नेणार कसा? प्रेत त्याच्याच बंडीवर रुईवर ठेवलं, पण बैल हलेनात. चौघांनी ओढले, आर टोचून पाहिली. शेवटी मी मातीत पडलेली त्याची तुतारी उचलली आणि वाजवली. बैल चालू लागले. त्या आवाजावर मी त्याला त्याच्या दारापर्यंत नेलं. त्याची बायको आतून ओरडली, "आज लवकर आले जी?" तिला वाटलं, नेहमीसारखा तोच आला.

आमच्यातला कोणीही धुरकरी असता तर त्याने हेच केलं असतं. पण ती तुतारी उचलली, ही चूक झाली. तिच्या जागी दुसरी कोणाची तरी तुतारी चौकीत जमा झाली, आणि ती करंगळीएवढी आर असलेली निघाली.

हे आम्हाला पुढच्या बाजारी कळलं. मेलेल्याच्या धाकट्या भावाला चौकीत बोलावलं आणि सांगितलं की दर बाजारी इथे येऊन हजेरी द्यायची, तुमचं घर दंगेखोराचं आहे. कागदावर लिहिलं होतं, अमुक गावचा इसम भाला घेऊन साहेबावर धावून आला, साहेबांनी जीव वाचवायला गोळी झाडली.

मला थोडं लिहिता येत होतं. रिद्धपूरच्या एका महानुभाव बुवांनी शिकवलं होतं. त्यांचे पाय चेपले त्याच्या बदल्यात. जोडीदाराची बायको, म्हणजे माझी वहिनी, तेराव्यानंतर माझ्या ओसरीवर येऊन बसली. रडली नाही.

"भाऊजी, अर्ज लिवा."

"काय लिहू?"

"भाला खोडा म्हना. तुतारी लिवा म्हना. मले दुसरं काईच नको."

"अवं, त्यानं माणूस मारला. शिक्षा नको मागू?"

"देनार हायेत का?" ती म्हणाली. "माहा मानूस कोनाच्या अंगावर गेला नाई. हे तेवढं लिवा. त्याच्या लेकरानं मोठं होऊन काय आयकावं, सांगा बरं? आन् तुमी तठी साक्षीले जासान तं वाढवू नका. तुमचं तोंड मले माईत हाये."

मी तिच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली.

अर्जाचा विचार अमरावतीला झाला. आंब्याखाली मोठ्या साहेबाचा तंबू होता. मोठा साहेबही गोराच. पण तोंडावरून भला दिसला. दोन खुर्च्या होत्या. एकीवर तो, दुसरीवर पोलिसांचा साहेब. दोघांच्या मध्ये पाण्याची एकच सुरई. आम्ही उभे. वहिनी तंबूबाहेर जमिनीवर, डोक्यावरून पदर घेऊन. मधे पुण्याकडचा एक कारकून दुभाषा म्हणून होता. आमची बोली ऐकून त्याच्या कपाळाला आठ्या पडत, पण माणूस वाईट नव्हता.

मी सांगितलं. मोरी, बैल, हटाव, हात वर, गोळी. आयुष्यात इतकं आखूड मी कधी बोललो नव्हतो. कारकुनालासुद्धा दोनदा विचारावं लागलं, "झालं? एवढंच?"

मग जमा केलेली तुतारी आणली. तिची आर चकचकीत होती.

"ही त्याची नव्हं," मी म्हणालो. "त्याच्या तुतारीले आर नव्हती. त्याची ही." आणि मी बरोबर आणलेली घुंगरांची काठी पुढे केली.

मोठ्या साहेबाने काहीतरी विचारलं. कारकून म्हणाला, "जागेवरची वस्तू तू कोणाच्या हुकमाने उचललीस?"

"बैल चालत नव्हते जी."

"घरी नेऊन तिची आर काढून घुंगरू बांधले नाहीस कशावरून?"

इतक्यात पोलिसांच्या साहेबाने मान हलवली आणि तो हवालदार पुढे आला. खाली पाहत होता. त्याने सांगितलं की हा साक्षीदार वर्षभर भर बाजारात सांगत आला आहे की मयताने याच तुतारीने वाघ मारला. शंभर माणसांनी ऐकलं आहे.

तंबूत कोणी हसलं नाही. माझी गोष्ट ऐकून माणसं हसली नाहीत, असं पहिल्यांदाच झालं.

कारकुनाने विचारलं, "हे तू बोललास?"

"बोललो."

"खरं आहे?"

"नाई. थाप होती. मांजर होती."

मोठा साहेब माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने शांतपणे दोन वाक्यं सांगितली आणि कारकुनाने ती जड आवाजात आमच्या भाषेत आणली. "वाघाची गोष्ट खरी असेल, तर ती काठी हत्यार आहे. खोटी असेल, तर तू लबाड आहेस आणि आजची साक्षही लबाडाची आहे. साहेब विचारतात, यातलं काय लिहायचं?"

मी आयुष्यात हजार थापा मारल्या, हजार वेळा त्यांतून निसटलो. त्या दिवशी मला वाट सापडली नाही. एक वाट होती: अजून एक थाप मारायची. जिभेवर आलीही. बाहेर वहिनी बसली होती. मी ती गिळली.

दुसरं काही सुचेना म्हणून मी घुंगरांची काठी डोक्यावर उचलली आणि त्याने हलवली होती तशीच हलवली. छन्.

पोलिसांचा साहेब खुर्चीत दचकला. हात कमरेला गेला. तिथे काही नव्हतं, तंबूत येताना तमंचा बाहेर ठेवावा लागतो. हात तिथेच राहिला. हे मी पाहिलं, कारकुनाने पाहिलं, हवालदाराने पाहिलं. मोठ्या साहेबानेही पाहिलं, आणि मग तो सुरईकडे पाहू लागला. बाहेर आमच्या बंडीला जुंपलेले ढवळा-करडा तो आवाज ऐकून चालू लागले. त्यांना धरायला माणसं धावली.

मग मोठ्या साहेबाने कागद बंद केला.

कारकून आम्हाला सोडायला आंब्यापर्यंत आला. इकडेतिकडे पाहून म्हणाला, "मी पहिल्या प्रतीत तुतारी लिहिलं होतं. माझ्यासमोर खोडलं."

"आन् तो दचकला ते?"

"दचकणं लिहायला कागदावर जागा नसते."

"गोळी घातली ते तं लिवलं ना? त्याले काईच नाई होनार?"

"गोऱ्याला शिक्षा करायचा अधिकार इकडच्या कोणत्याच कचेरीला नाही. मुंबईला न्यावं लागतं. तिथे न्यायाधीश गोरा, पंच गोरे. आणि न्यायला आधी इथून लिहून जावं लागतं. ते लिहिलं जाणार नाही." एवढं बोलून त्याने वहिनीकडे पाहून हात जोडले. सरकारी माणसाने आमच्यातल्या बाईला हात जोडलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

तोच घोडा आमच्या पाटलाचा असता, तमंचाही पाटलाच्याच हातात असता, तर दुपारपर्यंत पाटील बेड्यांत असता. त्याच्या चाकांची चांदी त्याला वाचवू शकली नसती. पोलिसांच्या साहेबाची पुढच्या हंगामात मोठ्या जिल्ह्याला बदली झाली. जाताना त्याला हार घातले. मी त्या गर्दीत होतो. त्याच्या घोड्याच्या गळ्यातसुद्धा झेंडूचा हार होता.

अमरावतीहून परतताना बंडी वहिनीने हाकली. बाईने बंडी हाकलेली आमच्याकडे बरी मानत नाहीत. तिने पदर खोचला आणि धुरेवर बसली, मी मागे. बराच रस्ता झाला तेव्हा तिने विचारलं, "वाढवलं नाई ना?"

"नाई."

"मंग झालं."

"वहिनी, त्या वाघानं खाल्लं आपल्याले. माह्या तोंडानं."

तिने तुतारी वाजवली. मोरी आली होती; ढवळा तिथे आला की अडखळायचा. तो पार झाल्यावर ती म्हणाली, "त्याले लय आवडे ते वाघाची गोष्ट. घरी येऊन मले सांगे, आज इतका लांब केला म्हने. हात पसरून दाखवे." मग पुष्कळ वेळाने, "आता हे सांगा. बाजारात. जसं झालं तसं."

पुढच्या बाजारी आमची रांग अकोल्यात शिरली. लोक जमले, सवयीने. हवालदारही चौकीच्या पायरीवर आला, पण मिशा पुसल्या नाहीत. कोणीतरी ओरडलं, "वाघ होऊन जाऊ द्या बाप्पा!"

मी सांगितलं. मोरी, बैल, हटाव, हात वर, गोळी. उठला का, म्हणाला. उठला, म्हणालो. पंधरा-वीस वाक्यांत संपलं. शेवटी मी रिकामा हात डोक्यावर उचलून दाखवला. गर्दीतला एक म्हातारा माळी, डोक्यावर वांग्यांची पाटी तशीच, म्हणाला, "आन् मंग?"

"मंग काई नाई."

हवालदार शेवटपर्यंत उभा होता. लोक पांगल्यावर माझ्या बंडीजवळ आला, बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "दूसरी लाठी मैंने उठाई थी," तो हळूच म्हणाला. "पड़ी हुई मिली ही नहीं. साहब ने कहा, कुछ तो होना चाहिए." मग म्हणाला, "उसके भाई से कहना, हाजिरी को न आया करे. मैं लिख दिया करूँगा."

तेव्हापासून कित्येक वर्षं सरकारी वहीत तो भाऊ दर बाजारी अकोल्याच्या चौकीत हजर होता, आणि त्याच वेळी आमच्या शेजारच्या रानात बोंडं वेचत होता. मी हे वहिनीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे कागदावर अजून एक खोटं." पण त्या दिवशी तिने मला भाकरीबरोबर लोणी वाढलं.

माझ्या बाकीच्या गोष्टी म्हातारपणातही वाढतच आहेत. कापसाच्या बाभळीला आता सरकीसुद्धा लागते. ही मात्र वाढत नाही. पोरं विचारतात, त्या चौकीतल्या भाल्याची आर किती लांब होती? मी करंगळी दाखवतो. आणि तुमच्या जोडीदाराच्या तुतारीची?

मी मूठ उघडून दाखवतो. तिच्यात काही नसतं.